शकुंतलाबाईंची हजेरी

लाखनीच्या हायवेपासून दोन गल्ल्या आत गोमाजींचं घर आहे, आणि त्या घरात टीव्ही पाहायचा तर आधी हजेरी द्यावी लागते. चार वर्षांपूर्वी टीव्हीची मोजणी करणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि टीव्हीच्या बाजूला जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र बसवून गेला. सोबत एक वेगळा रिमोट. घरातल्या प्रत्येकाला एक नंबर. पाहायला बसलं की आपला नंबर दाबायचा, उठलं की परत दाबायचा. दाबला की यंत्रावर त्या नंबरचा लाल दिवा लागतो. कोणीच दाबला नाही तर यंत्र लुकलुकत राहतं, आणि ते इतकं लुकलुकतं की शांत माणसाचंही डोकं फिरावं.

घरचे कर्ते म्हणून एक नंबर गोमाजींना द्यायला तो माणूस निघाला होता. शकुंतलाबाईंनी त्याला तिथंच अडवलं. "टीव्ही पाहते मी, अन् एक नंबर यायले काहून?" झालं. एक नंबर शकुंतलाबाई, दोन नंबर गोमाजी, तीन मुलगा प्रविण, चार सून साधना आणि पाच नात हर्षा. प्रविणचं हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, त्याला रात्री नवाशिवाय घर दिसत नाही. आणि हर्षा सगळं जग मोबाइलमध्ये पाहते, कानात बोळे घालून. तिचा पाच नंबर वर्षातून चारदा लागला तरी पुष्कळ.

तुमच्या एका घरावरून हजारो घरांचं पाहणं मोजलं जातं, त्यावर मुंबईत मालिका चालतात आणि बंद पडतात, असं तो माणूस सांगून गेला. शिवाय ही गोष्ट बाहेर कोणाजवळ बोलायची नाही. शकुंतलाबाईंना उभ्या आयुष्यात याहून कठीण अट कोणी घातली नव्हती. शेजारच्या लीलाबाईंनी यंत्राकडे बोट दाखवलं तेव्हा "करंट कमीजास्त होते म्हनून बसवला" असं त्यांनी ठोकून दिलं, आणि पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

तशी मोजणी त्यांना नवी नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली गोमाजींनी नागपूरहून टीव्ही आणला, लाकडी दारांचा, काळापांढरा. अख्ख्या गल्लीत तोच एक. रविवारी सकाळी माणसं आंघोळी उरकून, धुतलेले कपडे घालून यायची. बाया बसायला घरून पोतं आणायच्या. गोमाजी छपरावर चढून अँटेना फिरवायचे आणि खालून "आलं, आलं" असा गलका झाला की उतरायचे. त्यामुळं कुठल्याच कार्यक्रमाची सुरुवात त्यांनी कधी पाहिली नाही. शकुंतलाबाई मात्र मधेच उठून अंगणात जायच्या आणि चपलांचे जोड मोजून यायच्या. "आज बेचाळीस. मागच्या रविवारी पन्नासच्या वर होते. गोष्ट ढिली पडून राहिली." आणि खरोखरच पुढच्या महिन्यात ती मालिका गुंडाळली जायची. कंपनीच्या यंत्रापेक्षा ती चपलांची मोजणी खरी होती असं गोमाजींचं आजही मत आहे.

पैशाचं गणितही बाईंना घरातच शिकायला मिळालं होतं. दिवाळीनंतर इकडं गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतं. गोमाजी वीस वर्षं नाटक मंडळात होते. तिकिटं कमी खपली की आधी राजाचा दुसरा पोशाख जातो, मग दरबारातले दोन सरदार जातात, आणि शेवटी सगळं नाटक एकाच पडद्यासमोर उरकतं, हे शकुंतलाबाईंनी जवळून पाहिलेलं. त्यामुळं संध्याकाळी सातच्या मालिकेत लग्नाचा मांडव दिसला की त्या आधी वऱ्हाडी मोजायच्या. "पाह्य, एवढ्या मोठ्या घरचं लगन अन् वऱ्हाडी पाच. पैसा सरला यायचा." यायचा म्हणजे मालिकावाल्यांचा.

सातला घरातली बैठक ठरलेली असे. शकुंतलाबाई दिवाणावर, गोमाजी खुर्चीत आणि साधना स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला हात लावून उभी. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही ही त्या घरची जुनी रीत. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं आणि उभी राहा असंही कोणी म्हटलं नव्हतं. शकुंतलाबाई रिमोट हातात घेऊन एक दाबायच्या, दोन दाबायच्या, आणि दाराकडं न पाहता चार दाबायच्या. पाचेक मिनिटांनी साधनाची भाजी खाली लागायची आणि सासू-सुनेचं जुंपायचं. रिमोटवरून तर त्यांचं रोजच वाजायचं.

मग चैत्रात एका सकाळी तुळशीला पाणी घालता घालता शकुंतलाबाई खाली बसल्या, आणि उठल्या नाहीत.

तेरवीनंतर आठेक दिवसांनी गोमाजींनी टीव्ही लावला. यंत्र लुकलुकायला लागलं. त्यांनी रिमोट घेतला आणि सवयीनं अंगठा आधी एकवर गेला, मग दोनवर. दोन्ही दिवे लागले. चूक त्यांच्या लगेच लक्षात आली. एक परत दाबला असता तर दिवा विझला असता, पण तेवढं काही त्यांच्या हातून झालं नाही. त्या घरात तिचं म्हणून तेवढंच काहीतरी पेटलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते जाणूनबुजून दाबायला लागले. एक, मग दोन. सातची मालिका बाईंनी अर्धीच पाहिली होती, आणि हा दिवा लागतो आहे तोवर तिकडं कोणी ती बंद करणार नाही, अशीही एक समजूत त्यांनी मनाशी करून घेतली. कंपनीतून फोन आला की ते "सगळे ठीक" म्हणत आणि फोन ठेवून देत.

आश्विनात, धान लोंबीवर आलेलं असताना, एका दुपारी चारच्या सुमाराला कंपनीचा नवा माणूस दारात उभा राहिला. सुगत त्याचं नाव, भंडाऱ्याचा राहणारा, तिशीच्या आतला. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या माणसांना समोर पाहून यादी पक्की करायची असते, तेवढ्यासाठी आलो म्हणाला. साधनानं पाणी आणून दिलं आणि ती दारात जाऊन उभी राहिली.

"एक नंबर शकुंतलाबाई," सुगतनं यादीवरून वाचलं. "बाहेर गेल्या का?"

"पवनीले गेली," गोमाजी म्हणाले. "पोरीकडं. चंदाकडं."

हे बोलताना ते नेमके शकुंतलाबाईंच्या फोटोखाली बसले होते, आणि फोटोला ताजा हार होता. सुगतनं फोटोकडं पाहिलं, यादीकडं पाहिलं आणि पाण्याचा पेला खाली ठेवला.

"कवा गेल्या, काका?"

"झाले आठ दिवस."

"काल सायंकाळी साती त्यायचं बटण दाबलं हाय."

गोमाजींची चोरी पकडली गेली. सत्तरी उलटलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून बसला. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, चैत्रातल्या सकाळपासून.

"तो नंबर काढू नोको, बाबू," गोमाजी शेवटी म्हणाले. "एक दिवा लागते, एवढंच. त्यानं कोनाचं काय बिघडते?"

"मले समजते, काका. पन एका दिव्यामागं कंपनी हजारो बाया धरते. तेवढ्या बाया रोज ती मालिका पाहून राहिल्या असं तिकडं लिहिलं जाते. अन् इथं तर कोनीच नाही. मी आलोच त्याच्यासाठी. तुमच्या घरी काय पाहता ते मले दिसत नाही, पन कोनता नंबर कवा दाबला ते दिसते. सगळ्यायचे खाडे हायत. लग्नाले गेले, तापानं पडले. चैत्रात तीनेक आठवडे सगळंच बंद होतं, त्यानंतर एक नंबरचा एक खाडा नाही. श्रावणात दहा दिवस तुमचा दोन नंबर बंद होता, तवाही एक चालूच."

गोमाजींनी मान वर केली. श्रावणात ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पवनीला चंदाकडं जाऊन राहिले होते. दहा दिवस घरी नव्हतेच.

"तवा मी नव्हतो, बाबू."

"मग दुपारीही कोन दाबते? रोज दोन वाजता एक अन् चार संगंच लागतात. अर्धा तास."

दुपारी दोनला गोमाजी प्रविणच्या दुकानात बसलेले असतात. त्यांना काही उलगडेना. ते सुगतकडं पाहत राहिले, सुगत मात्र दाराकडं पाहत होता.

"मी दाबत होती, मामाजी," साधना म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं आणखी पुढं ओढला. "दुपारी आमी दोघी आदल्या दिवशीचा भाग पुन्हा पाहत असो, तांदूळ निवडता निवडता. एकटीचा दिवा लागला की आंगावर येते. अन् तुमी पवनीले गेले तवा म्हटलं, तुमचा नेम कायले तोडा."

ही सून सासूशी रिमोटवरून रोज भांडायची. गोमाजींना वाटत होतं, घरात दुःख काय ते आपल्या एकट्यालाच आहे, आणि सहा महिने ते त्या दुःखाला जपत बसले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सुगतला अजून एक विचारायचं होतं. "ताई, साती तुमचा चार नंबर रोज लागे. चैत्रापासून एकदाही नाही. सायंकाळी पाहत नाही का आता?"

"पाहते ना. इथूनच पाहते."

"मग दाबत काहून नाही?"

"ते आत्याबाईच दाबून देत होत्या," साधना म्हणाली, आणि पेला उचलून आत गेली.

सुगतनं यंत्राशी थोडी खटपट केली, एक फोन लावला, आणि एक नंबर काढून टाकला. गोमाजींनी आता अडवलं नाही. एक नंबर तुम्हाला देऊ का, असं त्यानं विचारलं. गोमाजी म्हणाले, "राहू दे रिकामा. तिनं मांगून घेतला होता." जाताना सुगत फोटोसमोर क्षणभर उभा राहिला आणि मग चप्पल घालून निघून गेला.

सात वाजले. गोमाजींनी टीव्ही लावला, यंत्र लुकलुकायला लागलं. अंगठा पुन्हा एकवरच गेला. त्यांनी दाबून पाहिलं. काही लागलं नाही. मग त्यांनी दोन दाबला. उरलेल्या चार दिव्यांतला एकच लागला, आणि खोली कधी नव्हे इतकी मोठी वाटायला लागली.

त्यांनी दाराकडं पाहिलं. साधना चौकटीला हात लावून उभी होती, पायाला पाय घासत. दिवसभराचं काम करून आलेली बाई अर्धा तास अशी उभी राहते, आणि ती तशी उभी असते हे गोमाजींनी आज पहिल्यांदा पाहिलं. जी नव्हती तिची हजेरी ते सहा महिने रोज लावत होते, आणि जी होती तिची एकदाही लावली नव्हती. शकुंतलाबाईंनी जिवंतपणी हे त्यांना चांगलंच सुनावलं असतं.

गोमाजींनी चार दाबला. दिवा लागला.

"बस, बाई," ते म्हणाले.

घरची रीत अशी एका शब्दानं मोडते यावर साधनाचा विश्वास बसत नव्हता.

"मामाजी, भाजी चढवली हाय."

"लागू दे. रोजच लागते."

ती आत जाऊन गॅस बारीक करून आली. दिवाणावर ती बसली नाही. दिवाणाच्या पायथ्याशी चटई टाकून, पदर सावरून, पाठ टेकून बसली. मालिकेत आज सगळ्यात धाकट्या मुलीचं लग्न होतं. मोठं घर, फुलांच्या माळा, सनई.

"मामाजी," साधना हळूच म्हणाली, "वऱ्हाडी चारच हायत."

"पैसा सरला यायचा," गोमाजी म्हणाले, आणि दोघांनीही एकदमच रिकाम्या दिवाणाकडं पाहिलं.