समाधानी ग्राहकांचा नकाशा

सोफाकाकांनी उभ्या आयुष्यात एकही सोफा दुरुस्त केला नव्हता. ते ढेकूण मारायचे. पण गाडीवर ठसठशीत अक्षरांत ‘सोफा-गादी दुरुस्ती’, औषधाची टाकी उशीच्या अभ्र्यात आणि खिशातून लोंबणारी शिंप्याची टेप. जिन्यात एखादी शेजारीण भेटली की काका आपणहून सांगायचे, “स्प्रिंग गेलीय हो यांच्या सोफ्याची!” ती बिचारी मान डोलवायची. मागच्याच महिन्यात तिच्याकडचीही स्प्रिंग गेली होती.

मग फोनवरून माणूस मागवायची कंपनी आली. बटण दाबलं की तासाभरात पिवळं जाकीट दारात. काकांचा फोन आठवड्यातून जेमतेम दोनदा वाजायला लागला, आणि त्यातला एक जावयाचा असायचा.

जावई मार्केटिंगचा सल्लागार. बेकरीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना तो नव्या जमान्यात टिकायचं कसं ते शिकवायचा. सासऱ्याला मात्र त्याचा एकच सल्ला: धंदा कंपनीला विका आणि घरी बसा. पण धंदा बाप-लेक दोघांच्या नावावर. लेकीच्या सहीशिवाय पान हलत नव्हतं, आणि चिमी सही करत नव्हती. “गाडी गेली की बाबा खचतील,” असं नवऱ्याला सांगून ती कागद पुन्हा पर्समध्ये कोंबायची. काकांचा सगळा जीव त्या न केलेल्या सहीत अडकला होता.

एका रविवारी जावयाने दुसरी चाल खेळली. “बरं, विकू नका. पण सहा महिने मी सांगतो तसं करायचं. नाही चाललं, तर मुकाट्याने विकायचं.”

“एवढं तरी ऐका ना बाबा,” चिमी म्हणाली.

“ऐकतो की. बोला, जावईबापू.”

“आजचा ग्राहक आधी पुरावा बघतो. तुमचा पुरावा कुठाय?”

“मेलेले ढेकूण डबीत जपून ठेवायला हवे होते का?”

“थट्टा पुरे. आजवर कोणाकोणाची घरं केलीत?”

काकांनी खणातून वही काढली. तीस वर्षांचे पत्ते, तारखा, नावं. जावयाचे डोळे लकाकले. “अहो, सोनं आहे हे! नकाशावर टाकू. प्रत्येक समाधानी ग्राहकाच्या घरावर एक लाल टिपका, खाली नाव आणि किती वेळा बोलावलं ते. वर लिहायचं, ‘ढेकूण झालेत? तुमच्या गल्लीत आमच्यावर कोणाकोणाचा विश्वास आहे, पाहा!’ शेजाऱ्याचं नाव दिसलं की माणूस लगेच फोन उचलतो. बेकरीवाल्याला हेच करून दिलं, आता दारात रांग असते.”

पाव खाल्ल्याची कोणाला लाज वाटत नाही रे बाबा. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते काकांच्या जिभेवर आलंही होतं. पण तेवढ्यात वहीचं एक पान उलटलं. ‘विहीणबाईंचं लॉज’. खाली पुन्हा तेच. तीन वर्षांत अकरा वेळा.

विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, काकांना मागच्या दाराने बोलवायच्या. पोटच्या पोरालाही पत्ता लागू द्यायच्या नाहीत. आणि चारचौघांत मात्र नाकाला पदर लावून म्हणायच्या, “व्याही, जरा लांब बसा हं, तुमच्या कपड्यांना वास येतो.”

काकांच्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. “जावईबापू, तुम्ही शिकलेले. टाका नकाशावर. आणि एकही नाव गाळू नका हं! विश्वासाचा प्रश्न आहे.”

“गाळायचा प्रश्नच नाही. पानांचे फोटो काढायचे, बाकी कॉम्प्युटर करतो. वाचायचीसुद्धा गरज नाही.”

“वा! नकाच वाचू.”

चिमी त्याच लॉजच्या काउंटरवर बसायची, हे काकांना ठाऊक होतं. पण एकदा गंमत डोक्यात चढली की त्यांना कोणाची पर्वा नसायची.

सोमवारी सकाळी नकाशा खुला झाला. काका मुद्दाम न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसले. न्हावी एका हातात वस्तरा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन मोठ्यांदा वाचत होता. “त्वचेचे डॉक्टर! दोनदा! मला म्हणाला होता, हे उष्णतेचं पुरळ आहे! मुख्याध्यापिकाबाई, चार वेळा! अरे, हिच्याच घरी शिकवणीला जातो ना आपला—” आणि तो अडखळला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने मान वाकडी करून फोनमध्ये पाहिलं. पुढचा टिपका न्हाव्याच्याच दुकानावर होता. गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उठलं आणि मान खाजवत रस्त्याला लागलं. काका हसून हसून बाकावरून घसरले.

दुपारी विहीणबाईंचा फोन. “व्याही, आमच्या लॉजवर ते लाल काय आहे?”

“समाधान आहे, विहीणबाई. अकरा वेळा झालंय.”

पलीकडून आधी किंकाळी आली, मग जावयाचा आवाज, “आई, अकरा वेळा?” आणि फोन कट. काकांनी त्या दिवशी जेवणही हसत हसत केलं. फोन मात्र दिवसभर फक्त ‘आमचं नाव काढा’ म्हणणाऱ्यांचे आले. काम सांगायला एकाचाही नाही.

संध्याकाळी चिमी आली. केस विस्कटलेले, चप्पल न काढताच आत.

“बाबा, लॉजचं पान तुम्ही बघितलं होतं?”

नाही म्हणता आलं असतं. पण आपली खोडी कोणाला कळू नये, हे काकांना कधी सोसलंच नाही. “बघितलं म्हणजे काय! त्या पानासाठीच तर हो म्हणालो. कशी जिरवली तुझ्या सासूची?” आणि ते तिच्या हसण्याची वाट बघत राहिले.

“सगळे पाहुणे बॅगा घेऊन खाली आले,” चिमी म्हणाली. “काउंटरवर मी होते. एका बाईने गादीवरची चादर काढून आणली आणि माझ्या तोंडावर फेकली. सासूबाई म्हणाल्या, फेका, हिच्याच बापाचं काम आहे हे.”

“अगं, चार दिवस बोंबलतील आणि विसरतील. गिऱ्हाईक परत येईल बघ.”

“कोण येईल? तुमचं औषध काय, कोणीही मारतं. लोक तुम्हाला बोलवायचे ते तुम्ही तोंड मिटून होतात म्हणून. पिवळं जाकीट नुसतं दिसतं, बाबा. बोलत नाही.”

तिने पर्समधून चुरगळलेला कागद काढला, टेबलावर तळहाताने सपाट केला आणि उभ्याउभ्याच सही ठोकली. मग कागद काकांकडे सरकवला आणि पेन त्यांच्या बोटांत खोचलं.

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून उतरलं नव्हतं, नुसतंच चिकटून राहिलं होतं. “चिमे, जरा गंमत केली गं.”

“कळलं. सही इथे करा,” ती म्हणाली, “आणि खाली तारीख घाला.”