काकडीचा झगा

पोषण महिन्यात भाजी खायची नसते, ती अंगावर घालायची असते, हे चारिंगला गृहविज्ञानाच्या दिविना मॅडमनी समजावून सांगितलं तेव्हा ती शाळेच्या फाटकाशी कैऱ्या सोलत बसली होती.

"तुमच्या भाचीची निवड झालीय, चारिंगबाई. पोषणराणीच्या स्पर्धेसाठी, दहावीतर्फे," मॅडम म्हणाल्या. "झगा अस्सल भाज्यांचा हवा, तसा नियमच आहे. आणि कमरेतून थोडी उतरायला हवी. पाच किलो पुरे."

"कधीपर्यंत?"

"स्पर्धेला तीन आठवडे आहेत की."

चारिंगने सुरी खाली ठेवली. "मॅडम, पोरगी पंधरा वर्षांची आहे. अजून उंची वाढतेय तिची."

"म्हणूनच म्हणते. चांगल्या सवयी याच वयात लागतात," असं म्हणून मॅडमनी टोपलीतली कैरीची एक फोड उचलली, बागूंगमध्ये बुडवली आणि खात खात आत गेल्या.

बागूंग म्हणजे खारवलेल्या माशांची चटणी. त्या किनाऱ्यावरच्या गावात प्रत्येक घरात तिची बरणी असते, पण चारिंगच्या बरणीला तोड नव्हती, हे तिचं वाईट चिंतणाऱ्या बायकासुद्धा मान्य करत. तिच्या आधारावर पोरंटोरं कैरी, काकडी, कच्च्या शेंगा, काय वाटेल ते खात. पण जुलै उजाडला की शाळेला पोषणाचा झटका यायचा. भिंतींवर हसऱ्या गाजरांची चित्रं लागायची, घोषवाक्यांची स्पर्धा व्हायची, आणि त्याच भिंतींखाली कँटीनमध्ये तळलेले लालभडक सॉसेज आणि पिशवीत ओतलेला कोला विकला जायचा. पूर्वी तिथे चारिंग शेवग्याचा पाला घातलेलं मुगाचं कालवण विकत असे. ते गावंढळ दिसतं म्हणून तिला फाटकाबाहेर बसवण्यात आलं. हा ठराव शाळेच्या पोषण समितीनेच केला होता.

रिआलिन चारिंगच्या बहिणीची मुलगी. बहीण हाँगकाँगला कुणाच्या तरी दोन पोरांना वेळच्या वेळी भरवायच्या नोकरीवर होती, आणि स्वतःच्या पोरीला भरवायचं काम तिने चारिंगवर सोपवलं होतं. आजवर ते काम सोपं होतं. रिआलिन व्हॉलीबॉल खेळायची, घरी यायची आणि पातेल्याचं झाकण उघडूनच बोलायला सुरुवात करायची. चारिंग मुद्दाम ओरडायची, "अगं, आधी हात धू, बकासुरा," आणि मनातून सुखावायची.

आता मॅडमनी वहीच्या कागदावर आहार लिहून दिला. सकाळी तीन खारी बिस्किटं आणि बिनसाखरेची काळी कॉफी. दुपारी एका अंड्याचा पांढरा भाग. रात्री गरम पाणी, हवं तेवढं. 'हवं तेवढं' हे शब्द लिहिण्याइतकी उदारता बाईंनी दाखवली होती. रोज सकाळी त्या पोरीला गृहविज्ञानाच्या वर्गात काट्यावर उभी करायच्या आणि वजन घटलं की सगळ्यांसमोर टाळी वाजवायच्या.

पहिल्या आठवड्यात रिआलिन चिडचिडी झाली. चारिंगला वाटलं, बरंच आहे, कंटाळेल आणि सोडून देईल. दुसऱ्या आठवड्यात मात्र पोरगी अगदी शहाण्यासारखी ताटावर येऊन बसू लागली, आणि ताट रिकामं होऊ लागलं. चारिंग आठवडाभर खूश होती. मग एके दिवशी तिचं लक्ष पुतीकडे गेलं. पुती हे घरातलं पांढरं कुत्रं, जन्मापासून बरगड्या मोजून घ्याव्यात असं. ते आता चांगलं गुटगुटीत झालं होतं आणि जेवणाच्या वेळी टेबलाखालून हलायला तयार नव्हतं.

"भात कुत्र्याला घालतेस," चारिंग म्हणाली.

"मला भूकच लागत नाही, मावशी."

"व्हॉलीबॉलला का जात नाहीस?"

"कंटाळा येतो." तिचे हात टेबलावर होते आणि बोटं किंचित थरथरत होती. मग ती एकदम हसून म्हणाली, "चार किलो उतरले. मॅडम म्हणतात, माझ्याइतका निश्चय कुणाचाच नाही."

भुकेने रडणारं पोर चारिंगने समजावलं असतं. या पोरीला उपाशी राहणं आवडू लागलं होतं, त्याचं तिला बक्षीस मिळत होतं. स्पर्धा संपेल, राणीचा मुकुट कोपऱ्यात पडेल, पण ही सवय घरात राहायला येईल, आणि मग पोरीच्या आईला फोनवर काय सांगायचं? मॅडमशी भांडून उपयोग नव्हता. ती बाई दोन आठवड्यांत पोरीची देवी होऊन बसली होती आणि मावशी नुसती कैऱ्या विकणारी.

स्पर्धेच्या दिवशी पहाटेपासून झगा बांधला गेला. हिरव्या कापडावर तारेने काकड्या ओवल्या, कमरेभोवती चवळीच्या शेंगांची झालर, गळ्यात टोमॅटोची माळ, डोक्यावर कारल्यांचा मुकुट आणि मागे मुळ्यांचा पिसारा. पोरगी दिसत मात्र होती चिपाडासारखी. आठ वाजता कार्यक्रम सुरू व्हायचा होता, म्हणजे साडेनऊला कुणीतरी माइक तपासला. प्रमुख पाहुणे मेयर होते, आणि मेयर आल्याशिवाय पोषणाला सुरुवात होणं शक्य नव्हतं.

मेयरच्या नजरेला नको म्हणून सगळ्या विक्रेत्यांना फाटकावरून उठवलं होतं. चारिंगच्या कैऱ्या तोवर संपल्या होत्या. शेंगांची झालर सुटली तर टाके घालायला म्हणून मॅडमनी तिला गृहविज्ञानाच्या वर्गात बसायला सांगितलं. तिथे चार वर्गांच्या चार राण्या उभ्या होत्या. बसलं तर भाज्या चेंगरतात म्हणून त्यांना बसायला मनाई होती.

साडेदहा झाले. शेजारच्या खोलीत पाहुण्यांच्या टेबलाची मांडामांड चालली होती. तळलेली कोंबडी, सॉसेज घातलेली गोड स्पॅगेटी, मोठ्या पातेल्यात शेवया, कोल्याच्या बाटल्या. भाजी म्हणाल तर कोंबडीखाली शोभेला ठेवलेलं एक पान. वास भिंतीवरून इकडे येत होता. मॅडमनी दारातून डोकं आत घातलं. त्यांच्या ओठाला सॉस लागला होता.

"पोट आत, मुलींनो," त्या म्हणाल्या. "पाणीसुद्धा नको, पोट फुगतं."

सव्वाअकराला नववीची पोरगी भिंतीला टेकून रडायला लागली. रिआलिन रडत नव्हती. ती पांढरीफटक पडली होती आणि एकटक समोरच्या चित्रातल्या हसऱ्या गाजराकडे बघत होती.

चारिंगचं बोलायचं ते सगळं घरी बोलून झालं होतं आणि वाया गेलं होतं. तिने टोपलीतून बागूंगची बरणी काढली, मांडीवर ठेवली आणि झाकण उघडलं. जरा मिरची चुरडून घातली, लिंबू पिळलं आणि चमच्याने सावकाश ढवळत बसली. रिकामी टोपली घेऊन बसलेल्या बाईने चटणी का ढवळावी, हे कुणी विचारलं नाही.

वास खोलीभर झाला. रिआलिनने आवंढा गिळला. पुन्हा गिळला. मग तिचा हात आपोआप वर गेला, खांद्यावरच्या काकडीशी थांबला, आणि काकडी तारेतून निघाली ती थेट बरणीत.

कर्रकन चावल्याचा आवाज झाला. बाकीच्या तिघी बघत राहिल्या.

"रिआलिन, अगं झगा," एक जण म्हणाली.

"मागची बाजू आहे, दिसत नाही," रिआलिन तोंड भरलेलं असतानाच बोलली आणि दुसरी काकडी उपटली.

मागची बाजू फार वेळ पुरली नाही. नववीच्या पोरीने रडणं थांबवून आपल्या बाहीवरचे टोमॅटो काढले. आठवीच्या राणीने गाजरांचा कमरपट्टा सोडला. शेंगा, मुळे, काकड्या सगळं बरणीत बुडून नाहीसं होत होतं, आणि चारिंग गंभीर चेहऱ्याने बरणी एकीपुढून दुसरीपुढे फिरवत होती. फक्त सातवीची पोरगी हळहळत उभी होती. तिच्या आईने नियम धाब्यावर बसवून झगा प्लास्टिकच्या भाज्यांचा केला होता. तिला बाकीच्यांनी वाटा दिला. नववीच्या पोरीने हात लांब करून चौघींचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे फेसबुकवर टाकला.

बाराला दहा कमी असताना मेयर आले. राण्या मंचावर गेल्या तेव्हा तिघींच्या अंगावर हिरवं कापड, उघड्या तारा आणि मुकुटात कारली एवढंच उरलं होतं, कारण कारलं कच्चं खाण्याइतकी भूक कुणालाच नव्हती. मेयरनी तरुण पिढी आणि हिरवा भाजीपाला यांवर पंचवीस मिनिटं भाषण केलं. मग त्यांच्या पत्नीने रिआलिनला प्रश्न विचारला, "आजच्या मुलांनी भाज्या खाव्यात म्हणून तू त्यांना काय संदेश देशील?"

दिविना मॅडमनी इंग्रजीत पाऊण पानी उत्तर पाठ करून घेतलं होतं. पोरीला त्यातलं अक्षर आठवेना.

"बागूंग असेल तर खातील, मॅडम," ती म्हणाली. "सोबत भात असता तर अजून बरं झालं असतं."

सगळं मैदान हसलं. पहिला नंबर सातवीच्या राणीला मिळाला, कारण अंगावर भाज्या शिल्लक असलेली ती एकटीच होती. बक्षीस म्हणून तिला झटपट नूडल्सचा खोका आणि सरबताच्या पावडरीची बारा पाकिटं देण्यात आली. दिविना मॅडम रिआलिनला फक्त एवढंच म्हणाल्या, "शाळेचं नाक कापलंस तू. आणि त्या पोटाकडे बघ."

हे शेवटचं वाक्य चारिंगने ऐकलं. पोरगी रात्री जेवली, दुसऱ्या दिवशीही जेवली, पण घास मोजल्यासारखी. पुती टेबलाखाली आशेने बसायचं, आणि चारिंगही जवळपास तशीच बसायची. काकडी ही एका दिवसाची गंमत होती की खरंच काही सुटलं होतं, तिला कळेना. विचारायची छाती होईना.

मंगळवारी संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या होत्या. मुगाचं कालवण, शेवग्याचा पाला, तळलेला मासा, भात. तेवढ्यात दारात दिविना मॅडम उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर शुक्रवारच्या स्पर्धेतल्या रागाची खूणही नव्हती.

"या मॅडम, जेवायला बसा," चारिंग म्हणाली. जेवणवेळी दारात यमदूत आला तरी त्या गावात हेच म्हणतात.

"नको, नको, माझं चालू आहे डाएट," म्हणून त्या बसल्या आणि माशाकडे बघत राहिल्या. "बातमी चांगली आहे. तो फोटो जिल्हा कार्यालयात पोचला. चार मुली, आनंदाने कच्च्या भाज्या खाताहेत. साहेब म्हणाले, अख्ख्या जिल्ह्यात महिनाभर पोषण चाललं, पण भाजी खाणाऱ्या मुलांचा फोटो हा एकच आला. सर्वोत्तम उपक्रम म्हणून माझं नाव पुढे पाठवताहेत."

"तुमचं," चारिंग म्हणाली.

"म्हणजे शाळेचं. पुढच्या शुक्रवारी ते कॅमेरा घेऊन येणार. सगळं तसंच करायचं. त्याच मुली, तेच झगे. तुमची ती बरणीसुद्धा आणा, फक्त जरा चांगल्या काचेची." मग त्या रिआलिनकडे वळल्या आणि आवाज मऊ केला. "आणि बाळा, तू चांगलं करत होतीस गं. चार किलो काही थोडे नव्हेत. कॅमेऱ्यात माणूस जाड दिसतो. तोपर्यंत तेवढं पुन्हा सांभाळशील ना? मला ठाऊक आहे, तुझ्यात निश्चय आहे."

रिआलिनचा चमचा तोंडाशी जाता जाता थांबला. भात आणि मूग, काठोकाठ भरलेला चमचा. तो तिने हळूच परत ताटात ठेवला.

चारिंगला त्या बाईच्या झिंज्या धरून तिला उंबऱ्याबाहेर काढावंसं वाटलं. तेवढ्यात टेबलाखाली पुती उठून बसलं. त्याने शेपटी हलवली आणि पोरीच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. तीन आठवड्यांत त्याला एवढं नक्की कळलं होतं की चमचा खाली गेला की आपली वेळ आली.

रिआलिनने खाली पाहिलं. मग मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं, जरा निरखून, पहिल्यांदाच बघितल्यासारखं.

"मॅडम, तुम्ही मघापासून माझ्या माशाकडे बघताय," ती म्हणाली. "भूक लागली असेल तर जेवा ना. आमच्याकडे उपाशी राहिल्याबद्दल टाळ्या वाजवत नाहीत."

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी पर्स उचलली, साहेबांना वेळ दिलीय असं काहीतरी पुटपुटल्या आणि निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "शुक्रवारचं बघा तेवढं."

"मावशी, भात संपला का?" रिआलिनने विचारलं.

चारिंगने पातेलंच उचलून तिच्या पुढ्यात ठेवलं. पोरीने दोन डाव भात घेतला, वर कालवण ओतलं आणि खाली मान घालून जेवायला लागली. पुतीने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते गुडघ्यावरची हनुवटी काढून उठलं आणि मॅडम गेल्या त्याच दाराने बाहेर निघून गेलं.