घरात मदतीला कोण आहे?

क्रोएशियातल्या ब्येलोवार गावात गेल्या तीस वर्षांत जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल बिसेर्काच्या वजनकाट्यावर एकदा तरी रडलेलं होतं. बिसेर्का सरकारी नर्स, पण दवाखान्यात बसणारी नव्हे. बाळंतीण घरी पोचली की दुसऱ्या दिवशी ही आपली लहानशी गाडी घेऊन दारात हजर. बाळाची नाळ बघायची, आईचे टाके बघायचे, आणि अंगातला कोट काढायच्याही आधी ठरलेला प्रश्न टाकायचा, "घरात मदतीला कोण आहे?" उत्तर देताना बाई अडखळली की बिसेर्का बाकीचं बाजूला ठेवून आधी तिच्यासाठी गॅसवर सूप चढवी. तिची मुलगी तिहाना लहानपणी सुट्टीत गाडीत मागे बसून यायची आणि घरी गेल्यावर आपल्या बाहुल्यांना हाच प्रश्न दरडावून विचारायची.

तिहाना आता अमेरिकेत, ओहायोत होती. इंजिनिअर होऊनही इथे वशिल्यावाचून दोन वर्षं घरी बसली. तिकडे गेली आणि चार वर्षांत घर झालं, दोन गाड्या झाल्या, काइल नावाचा भला नवरा मिळाला. हे सगळं बिसेर्कानं बाजारातल्या भाजीवालीपासून चर्चच्या पाद्र्यापर्यंत सर्वांना ऐकवलं होतं. "इथे गुडघा दाखवायला आठ महिने ताटकळा, आणि माझ्या तिहानाला आज फोन केला की उद्या डॉक्टर." लोकांचे कान किटले होते, पण हिला कोण सांगणार? निम्म्या गावाच्या नाळा हिनं पाहिलेल्या.

ऑगस्टमध्ये बिसेर्का मिरच्या भाजत बसली होती, तेव्हा तिहानानं फोनवर विचारलं होतं, "आई, नोव्हेंबरात येशील का गं?" तिला सातवा महिना होता.

बिसेर्का हसली होती. नोव्हेंबरात माझ्या यादीत सतरा बाळंतिणी आहेत, त्यांना कोणाच्या भरवशावर टाकू, म्हणाली होती. मे महिन्यात येते. तोवर बाळ बसायला लागेल, खेळवायला मजा येईल. तू काय, वर्षभर घरीच आहेस. तिहाना म्हणाली, "बरं, मे तर मे."

बाळंतपणानंतर बाईनं वर्षभर घरी राहायचं आणि सरकारनं पगाराची सोय बघायची, हे बिसेर्काच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की जगात कुठे वेगळं असेल असं तिच्या मनातही आलं नाही. इतका श्रीमंत देश, तिकडे तर दोन वर्षं देत असतील.

ऑक्टोबरात नोरा झाली. बिसेर्का रोज फोनवरून सूचना द्यायची. बडीशेपेचा चहा घे, दुपारी आडवी हो, जड उचलू नकोस. तिहाना "हो आई" म्हणायची. नोव्हेंबरच्या अखेरीस मात्र तिचे व्हिडिओ फोन नेमके दुपारी चारलाच येऊ लागले, आणि तिच्या मागे खोक्यांची चळत दिसायची. नव्या घरात अजून सामान लावायचं असेल, असं बिसेर्काला वाटलं.

त्या दिवशी ती मिरेलाकडे होती. मिरेलाचं दुसरं बाळंतपण. सासू स्वयंपाकघरात, आई इस्त्री करतेय, आणि ही कुरकुरतेय, "सिस्टर, वर्षभर घरात बसून माझं डोकं गंजेल हो." तेवढ्यात फोन वाजला. बिसेर्कानं मोठ्या ऐटीत तो मिरेलासमोर धरला. बघ माझी लेक.

मग तिला तिहानाच्या गळ्यात पट्टा दिसला. पट्ट्याला फोटोचं ओळखपत्र.

"गळ्यात काय आहे ते?"

तिहानानं आधी त्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. बाळ पाच आठवड्यांचं झाल्यापासून ती कामावर जात होती. ही खोकी कंपनीच्या गोदामातली. बाळासाठी दूध काढायला वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात ती आईला फोन करायची. नोरा पाळणाघरात. वसंतात नोकरी बदललेली, वर्ष भरलं नाही, म्हणून कायद्यातली बिनपगारी रजासुद्धा नाही. काइलला मिळाले तीन दिवस.

"अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू आई? तू गावभर माझं कौतुक करत फिरत होतीस. आणि ऑगस्टमध्ये विचारलं होतं की."

मिरेला दुपट्याची घडी पुन्हा पुन्हा घालत राहिली. बिसेर्काला मिरच्यांचा तो वास आठवला, आपलं हसणं आठवलं, आणि स्वतःची लाज वाटली. सतरा जणींना विचारलं, पोटच्या पोरीला तेवढं विचारायचं राहून गेलं.

"तिहाना, घरात मदतीला कोण आहे गं?"

तिहाना हसली, बाहुल्यांना दरडावताना हसायची तशी. "पहिले पाच आठवडे वाट बघत होते, आज विचारशील, उद्या विचारशील. आता जमायला लागलंय."

"मी उद्याच निघते."

"नको. मेमध्येच ये, ठरलंय तसं. तोवर नोरा बसायला लागेल." ती शर्टाची बटणं लावू लागली. वीस मिनिटं झाली होती.

फोन बंद झाला तरी बिसेर्का तशीच बसून होती, अंगात कोट. मिरेलाची सासू स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं सुपाचा वाडगा बिसेर्कापुढे ठेवला.