झबल्याचं बटण

मी एक जुनी बटणांची पाटी आहे. लाकडी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेलं जाड कापड, मधोमध उभी चीर. चिरेच्या एका बाजूला बटणं, दुसऱ्या बाजूला काजं. मेंदूच्या आजारानं ज्यांचे हात रुसून बसतात, त्यांच्या व्यायामाच्या खोलीत मी राहते.

मित्रांनो, मला एका सुतारानं घडवलं आणि माझी काजं त्याच्या बायकोनं शिवली. सुरुवातीला माझा थाट काय सांगू! कुणी बटण लावलं की सगळी खोली टाळ्या वाजवायची. टाळ्या त्या माणसासाठी असायच्या, पण थोड्या मीही घ्यायचे. मग पडद्यावर फुगे फोडायचं यंत्र आलं आणि मी कपाटात गेले, जुन्या टॉवेलांखाली.

मला बाहेर काढलं ते एका तरुण आईसाठी. बाळ अंगावर पीत असतानाच तिच्या मेंदूला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. नणंद तिला चाकांच्या खुर्चीतून आणायची. केस विंचरलेले, कपडे नीटनेटके, सगळं दुसऱ्यांनी केलेलं. ती मान वळवून बसायची. पडद्यावरचे फुगे तिनं पाहिले नाहीत. मला मांडीवर ठेवलं, तर माझ्याकडेही नाही.

"वहिनी, जरा प्रयत्न कर ना गं," नणंद काकुळतीला यायची. "बाळाचं सगळं मी बघते. तू त्याची काळजीच सोड!"

ती हे प्रेमानंच म्हणायची. बाळ दिसलं की वहिनी रडते, म्हणून घरच्यांनी त्याला दुसऱ्या खोलीत हलवलं होतं.

शेवटी व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या मनाची तयारी दिसत नाही. या आठवड्यानंतर थांबू या." पडून राहिलेला हात आणखी रुसतो, हे या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी घरी कुणी नव्हतं, म्हणून नणंद बाळालाही घेऊन आली. बाळानं झबलं ओलं केलं. तिनं घाईघाईनं दुसरं चढवलं.

"अगं ए," खुर्चीतून अडखळत आवाज आला. "पोराला कपडे घालतेस की पार्सल बांधतेस? वरचं बटण सोड. टोचतं त्याला."

मॅडम तिच्यासमोर खाली बसल्या. "मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. हा हात तुम्हाला कशासाठी हवाय?"

"त्याला कपडे घालायला," ती म्हणाली. "मी काय नुसती पाहुणी आहे का?"

मग बाळ रोज येऊ लागलं. मॅडमनी वेळ बदलली, आईची दुपारची झोप झाल्यावरची. आणि थांबायचं कधी, हे तीच ठरवणार. माझी बटणं तिच्या बोटांतून निसटायची आणि ती मला शिव्या घालायची. मला त्या गोड लागायच्या. कपाटात कोण शिव्या देतं?

एका दुपारी तिनं मला बाजूला सरकवलं आणि बाळाला मांडीवर मागितलं. ते मेलं वळवळत होतं. तिनं उजव्या हातानं झबल्याचं बटण पकडलं. बटण काजाच्या तोंडाशी येऊन अडलं. नणंदेचा हात पुढे झाला. तिनं तो स्वतःच मागे घेतला आणि ओढणीत गुंडाळून ठेवला.

बटण आत गेलं. बाळाला त्याचं काहीच नव्हतं. ते आईचं बोट तोंडात घालायला बघत होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा हात असा रुसला, तर मायेपोटी त्याची सगळी कामं ओढून घेऊ नका. कुठलं काम त्याला स्वतःला करायचंय ते विचारा, आणि तेवढं त्याच्यासाठी ठेवा. तो वेळ लावेल. लावू द्या.