सांगणारी

शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं असतं. चपला काढताना मुलं आणि मुली एकाच रांगेत असतात. फरक दाराच्या आत सुरू होतो.

आत अठरा मशीन, त्यांतली चौदा चालू. प्रत्येक मशीनपुढे एक खुर्ची. खुर्चीवर मुलगा बसतो आणि त्याच्या खांद्यामागे एक मुलगी कागद धरून उभी राहते. ती ओळ वाचते, तो टाइप करतो. त्याला म्हणायचं टाइपवाला आणि तिला सांगणारी. परीक्षासुद्धा अशीच होते. गुण दोघांना सारखे, आणि आठवी संपली की दोघांच्याही सर्टिफिकेटवर ठळक अक्षरांत छापून येतं : टंकलेखन, उत्तम.

ही पद्धत कुणी काढली ते विचारू नका. मोठे सर एवढंच म्हणतात, "आधीपासून आहे." मशीन कमी, मुलींचे उच्चार स्वच्छ, आणि वर्गात गोंगाट होत नाही. इतकी सोयीची गोष्ट मोडायला कोण जाणार?

कॉम्प्युटरच्या बाई गेल्या होत्या, चार वर्षांपूर्वी, नव्या नव्या असताना. "आळीपाळीने बसवू या," म्हणाल्या. आठवड्याभरात तीन मुलांचे बाप शाळेत हजर. आमच्या पोराचा सराव बुडतो, म्हणे. मोठ्या सरांनी चहा मागवला आणि बाईंना म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचंही आलं. बाईंची विनंती दर वर्षी थोडी आखूड होत गेली. यंदा तर त्यांनी विचारलंच नव्हतं. माणूस हरतो तेव्हा ढोल वाजत नाहीत हो. नुसतं विचारायचं राहून जातं.

त्या मंगळवारी आठवीचा तास चालू होता. खिडकीजवळच्या मशीनवर स्टेशनरीवाल्याचा मुलगा, आणि मागे केस कापणाऱ्याची धाकटी. आवाज खणखणीत, म्हणून वर्गात तिचं नाव भोंगा.

"हळू वाच ना भोंगा! माझी बोटं काय शर्यतीला सोडलीत?"

"बोटं? दोनच तर वापरतोस. बाकीची आठ घरी विसरलास का?"

"शांत!" बाई म्हणाल्या. "डावी करंगळी कुठे?"

"'ए'च्या बटणावर, बाई!" मुलींनी एका सुरात सांगितलं. मुलं खाली बघून शोधत होती. मुलींना सगळं तोंडपाठ होतं. कोणतं बोट कुठे, अंगठ्याचं काम काय, पाठ कशी ताठ ठेवायची. उभं राहून पाठ ताठ ठेवणं तसंही सोपंच.

तास सुटल्यावर धाकटी बाईंपाशी रेंगाळली.

"बाई, आमच्या ताईला उद्या नोकरीला बोलावलंय. दवाखान्याच्या काउंटरवर, पेशंटची नावं टाइप करायला."

"अरे वा."

"तिचं सर्टिफिकेट चालेल ना? खरं आहे ना ते?"

बाई माउस सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंय की. माझीच सही आहे त्यावर."

थोरलीचं ते सर्टिफिकेट दुकानात आरशाशेजारी फ्रेममध्ये लावलेलं होतं. दाढीला बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दिसे, आणि नाही दिसलं तर तिचे बाबा त्याची हनुवटी तिकडे वळवत. या कागदाच्या भरवशावरच तिची शाळा आठवीनंतर बंद झाली होती. "उत्तम मिळालंय, आता अजून काय शिकायचं? आईला शिवणात हात होईल." तीन वर्षं ती आईसोबत लोकांच्या पँटी आखूड करत होती. धाकटीचंही तेच ठरलं होतं. आठवीचा कागद हाती आला की दुसरं शिलाई मशीन.

बुधवारी थोरली इस्त्रीचा ड्रेस घालून गेली आणि तासाभरात परत आली. बाबा एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होते.

"झालं? कधीपासून यायला सांगितलंय?"

ती सरळ मागच्या खोलीत गेली. धाकटी तिच्या मागे.

"ताई, काय विचारलं गं?"

"काही नाही. नाव टाइप कर म्हणाले. माझंच नाव." थोरली भिंतीकडे बघत बोलत होती. "मी बोटं ठेवली, बाईंनी सांगितली तश्शी. तर एफ वर काहीतरी टोचलं. जे वरपण. मी म्हटलं, मॅडम, या बटणांना काहीतरी चिकटलंय, पुसून देऊ का?"

"मग?"

"त्या हसल्या. बाजूच्यांना बोलावून सांगितलं, मग तेही हसले. अगं, तो उंचवटा मुद्दामच असतो. न बघता बोटांना जागा कळावी म्हणून. ज्याने एकदा जरी कीबोर्डला हात लावलाय त्याला माहीत असतं." ती थांबली. "फोनवर मी अंगठ्याने लिहिते, ते वेगळं. तिथे मला माझ्या नावाचं दुसरं अक्षर सापडेना."

तीन वर्षं धाकटीही ओरडून सांगत होती, "पहिलं बोट एफ वर!" तिथे काही टोचतं हे तिलाही माहीत नव्हतं.

जेवताना बाबा म्हणाले, "जाऊ दे. पोरींना नाहीच जमत ते. पुढच्या वर्षी अठराची होईल, स्थळं बघू."

"जमत नाही कसं?" आईने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "बसवलंय कुणी तिला? मी उभ्याउभ्या शिवण शिकले असते का? आं?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये कुठे बोलतेय? शेवटी बोलतेय. सगळं होऊन गेल्यावर."

शनिवारी आठवीची परीक्षा होती. मोठे सर स्वतः घड्याळ घेऊन दाराशी उभे. चौदा मुलं खुर्च्यांवर, चौदा मुली मागे.

"सुरू करा!"

खोलीत तेरा आवाज उठले. खिडकीपाशी शांतता.

"भोंगा, वाच ना," स्टेशनरीवाल्याचा मुलगा कुजबुजला. "अगं, वेळ चाललाय!"

धाकटीने कागद कीबोर्डवर ठेवला. "तूच वाच. तुझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"बाई, ही वाचत नाहीये!"

बाई जवळ आल्या. "काय गं? बरं वाटत नाही का?"

"बाई, मला बसायचंय."

"आत्ता? परीक्षेत? नापास होशील. तू कधी..." बाई अडखळल्या.

"कधी हात नाही लावला. माहितीये मला. ताईनेपण नव्हता लावला. काउंटरवर सगळे तिला हसले, बाई. एफ वरचा टिपका तिला घाण वाटला. आणि तुम्ही म्हणालात, सर्टिफिकेट खरं आहे."

हे शब्द तिने नेहमीच्याच आवाजात म्हटले, म्हणजे पार दारापर्यंत ऐकू गेले. शेजारची सांगणारी ओळीच्या मध्येच थांबली. मग तिच्या पलीकडची. एकेक आवाज बंद होत गेला, आणि चौदा टाइपवाले हात हवेत धरून बसले. पुढची ओळ कोणालाच माहीत नव्हती.

"हा काय तमाशा?" मोठे सर आत आले. "बाई, आवरा यांना. नाहीतर सगळ्या मुलींना शून्य."

बाईंनी चौदा चेहऱ्यांकडे पाहिलं. चार वर्षांत अशा किती झाल्या असतील? त्यांनी मोजायचा प्रयत्न केला, जमेना.

"शून्यच द्यायला हवं, सर," त्या म्हणाल्या. "आजवर सगळ्यांना तेच द्यायला हवं होतं. मी उत्तम लिहीत आले." मग मुलाकडे वळून, "ऊठ रे. तुझी परीक्षा पुढच्या तासाला घेते. तुझी एकट्याची."

"तुमच्या नोकरीचा विचार करा, बाई."

"करतेय ना, सर. शिकवायची नोकरी आहे ती. चार वर्षांत आज पहिल्यांदा करतेय."

मोठे सर बाहेर गेले ते थेट संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावायलाच.

धाकटी खुर्चीवर बसली. खुर्ची तिला बुटकी वाटली, इतकी वर्षं ती वरूनच पाहिलेली. तिने बोटं ठेवली. एफ. जे. टोचलं. क्षणभर तिने बोटं तिथेच दाबून धरली. मग एकेक अक्षर शोधत लिहू लागली. आता तिला कुणी सांगणारं नव्हतं, तीच ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. दहा मिनिटं संपली तेव्हा पडद्यावर दीड ओळ होती. सहा चुका.

बाईंनी गुणपत्रिका पुढे ओढली आणि लिहिलं : टंकलेखन, अनुत्तीर्ण. खाली सही केली.

"बाई, हे मी घरी नेऊ?"

"ने. तुझंच आहे."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना धाकटीने तो कागद बाबांच्या हातात दिला. बाबांनी वाचला. कात्री हातात तशीच.

"नापास? आणि हसतेस कसली?"

"मी स्वतः नापास झालेय बाबा. कुणाच्या मागे उभं राहून नाही. वर्ष काही जात नाही यात. आता नववीला जाईन, मग पास होईन. शिलाई मशीन नको."

खुर्चीतला म्हातारा अर्ध्या दाढीने हसायला लागला, पण बाबांचं तोंड बघून थांबला. बाबांनी आरशाशेजारच्या फ्रेमकडे पाहिलं. त्या 'उत्तम'कडे त्यांनी किती हनुवट्या वळवल्या होत्या! त्यांनी फ्रेम खिळ्यावरून काढली आणि कपाटावर उलटी ठेवली. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

बाईंना सोमवारी कारणे दाखवा नोटीस मिळाली. उत्तर म्हणून त्यांनी चार वर्षांत आपण सही केलेल्या मुलींची यादी जोडली. छप्पन्न नावं. खाली लिहिलं, यांना मी फसवलं आहे, दर रविवारी खोलीची किल्ली मिळावी. किल्ली मिळाली नाही. मग बाईंनी घरचा जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर मांडला आणि निरोप धाडले.

छप्पन्नांतल्या किती येतील? तुमच्या घरातली, शेजारची, ओळखीची एखादी त्यात असेल. असलीच, तर तिच्या भिंतीवरचा कागद एकदा नीट वाचा, आणि तिला विचारा, खुर्चीवर कधी बसली होती का.

पहिल्या रविवारी एकच आली. दारात चपला काढून ती बराच वेळ उभीच राहिली, टेबलापासून दोन पावलं लांब, सवयीने.

"बस," बाई म्हणाल्या आणि स्वतः उठून मागे उभ्या राहिल्या.

थोरलीने बोटं ठेवली.

"टोचतंय?"

"टोचतंय, बाई."