टाचेभोवतीचं लाल वर्तुळ

आमच्या तिसगावच्या शाळेतल्या मुलींना कबड्डीचे डावपेच मी मोबाईलवर शिकवतो, आणि त्याचा मला भारी तोरा होता. प्रत्येकीने आपल्या पायांचा व्हिडिओ पाठवायचा, मी तो थांबवून चुकीभोवती लाल वर्तुळ काढायचं आणि सगळ्यांना कळावं म्हणून ग्रुपवर टाकायचं. चेहरे दाखवत बसू नका, मला फक्त पाय हवेत, असा माझा नियमच होता.

नववीतली पंकजा आमचा डावा कोपरा सांभाळायची. तिच्याइतके चपळ पाय अख्ख्या तालुक्यात नव्हते. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, तरी बापाच्या मोबाईलवरून व्हिडिओ पाठवायची. जिल्ह्याच्या सामन्यांना काहीही करून तिला आणायचं, हे मी ठरवून टाकलं होतं.

या आठवड्यात मात्र तिचं काहीतरी बिनसलं. पुन्हा पुन्हा तोच व्हिडिओ यायचा. दोन पावलं सरकायची आणि मग पाय कॅमेऱ्यापुढे टेकवून नुसतं उभं राहायचं. माझं डोकंच फिरलं. टाचेभोवती वर्तुळ काढून मी लिहिलं, ‘टाच टेकू नकोस, चवड्यावर राहा. खेळ विसरलीस का?’ आणि दिलं ग्रुपवर टाकून.

एरवी अशा वेळी पोरी एकमेकींची थट्टा करून ग्रुप डोक्यावर घेतात. या खेपेला कुणी एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळी सगळ्या सरावाला आल्या. शेवटी संघाची कर्णधार राजनंदिनी जवळ आली.

“सर, टाच नका बघू. बोटं बघा.”

मी व्हिडिओ थांबवून मोठा केला. मी जिथे वर्तुळ काढलं होतं, त्याच्या जरा पुढे, धुळीने माखलेल्या बोटांत नवी कोरी जोडवी होती.

पंधरा वर्षांची पोर. मी इतके दिवस तिचे पाय बघत होतो आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

“ती खेळ विसरली न्हाई, सर,” राजनंदिनी म्हणाली. “तिचे मेसेज बाप वाचतो. तुमी फकस्त पाय बघता, म्हनून तिनं पाय दाखवले.”

मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर शाळेच्या भिंतीवर मीच रंगवून घेतला होता. तो लावत होतो, तेवढ्यात पंकजाचा नवा व्हिडिओ आला.

या वेळी ती चवड्यावर उभी होती. टाच वर उचललेली, अगदी मी सांगितलं होतं तशी.