रानमेंढ्याचं नाक

बोरीच्या सरजाबाईच्या अंगणात कोंबडीसुद्धा पाय पुसून येते, असं गाव म्हणायचं. त्या स्वच्छ हातानंच सगळा घोळ केला.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी कळपातून पळालेला एक मेंढा माळावर रानटी होऊन राहायचा. परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजातली अर्पिता त्याच्यासाठी महिनाभर चकरा मारत होती. रानातल्या धडधाकट मेंढ्यांच्या नाकात कोणते जंतू सुखानं नांदतात, यावर तिचा प्रबंध. एवढाच नमुना राहिलेला आणि प्रबंध द्यायला उरले वीस दिवस.

सरजाबाईच्या नवऱ्यानं, दत्तरावांनी, दोन्ही ढोपरं फोडून घेत मेंढा धरला, अंगणात बांधला आणि अर्पिताला फोन केला.

सरजाबाईला धडकीच भरली. परभणीची पाहुणी आपल्या दारातल्या जनावराचं नाक बघणार, वर पुस्तकात लिहिणार! शेंबडं नाक पुस्तकात गेलं तर चार गावांत छी थू व्हायची. सकाळीच तिनं मेंढ्याला डेटॉलच्या ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, नाक आतून-बाहेरून चकाचक केलं, पावडर लावली आणि गूळभाकर चारली.

अर्पिता आली, वास घेतला आणि मटकन ओट्यावर बसली.

"मावशी, हे काय केलंत? मला त्याच्या नाकातली घाणच हवी होती!"

"आमच्या दारात येऊन घाण मागायलीस व्हय गं?"

अर्पिताचे डोळे भरले. "ते जंतू त्याचे नेहमीचे असतात, त्रास देत नाहीत. तुम्ही त्यांना घालवलंत. आता पंधरा दिवस हा रानात राहिला, माणसाचा हात लागला नाही, तरच काही जमेल."

रडणारं लेकरू सरजाबाईला बघवत नाही. तिनं लगेच दावं सोडलं. पण तो मेला जातोय कुठं! गुळाची चटक लागलेली. हाकलला की चार पावलं जायचा आणि परत हिच्या पदरात तोंड. शेवटी तीच माळावर खोपी घालून बसली. मेंढा आपसूक मागं आला. समोर शेंबूड लोंबायचा, हिचे हात शिवशिवायचे, जीव नुसता कासावीस व्हायचा. बिचारी हात काखेत दाबून बसायची.

सोळाव्या दिवशी अर्पिता पोचली. मेंढ्याचं नाक गच्च भरलेलं. शेजारी सरजाबाई, माळावरच्या गारठ्यानं तिचंही नाक वाहतंय.

"घे लेकरा. पंधरा दिवस हात लावला न्हाई. आपलं पुसलं की त्याचंबी पुसू वाटतंय, म्हणून माझंबी तसंच ठेवलंय."

अर्पितानं कापसाची काडी मेंढ्याच्या नाकात फिरवली, नळीत बंद केली आणि हसत-रडत तिच्या पाया पडली.

"ऱ्हाऊ दे पाया पडणं," सरजाबाईनं खोचलेला पदर मोकळा केला. "झालं न्हवं तुझं? मग सरक तिकडं, मला त्याचं नाक पुसू दे!"